विकू नका म्हणणारी रुद्राणी

माझ्या धाकट्या जावेबद्दल मी चार चांगले शब्द लिहावेत, असं घरातल्या सगळ्यांना वाटतं. लिहिते. पण आधीच सांगून टाकते, मी तिच्यावर जळत होते. थोडीथोडकी नाही, चांगली तीन वर्षं.

रुद्राणी कडा गावची. वडील साखर कारखान्यात वजनकाट्यावर. बारावी झाली आणि २००४ साली आमच्या बीडच्या घरात नांदायला आली. सासऱ्यांचं, म्हणजे ईश्वरप्पांचं, वह्यापुस्तकांचं आणि झेरॉक्सचं दुकान; वरच्या मजल्यावर आमची बिऱ्हाडं. मी एम.ए. मराठी. नोकरी कधी लागली नाही, तरी गल्ली मला बाई म्हणायची. कुणाचा अर्ज असो, लग्नपत्रिका असो, नाहीतर समोरच्या सुभद्राबाईंच्या नातीचं शाळेतलं भाषण, मजकूर माझाच. तेवढा एकच मान होता मला आणि तो मी जपून वापरत होते.

दोन वर्षांनी दुकानात ब्रॉडबँड आलं आणि कॉम्प्युटरवर रुद्राणी बसायला लागली. निकाल काढून द्यायची, फॉर्म भरून द्यायची. दुपारी गिऱ्हाईक नसलं की जपानी कार्टून बघायची. अॅनिमे म्हणायचं, असं तिनं मला दोनदा सांगितलं. मी मुद्दाम कार्टूनच म्हणत राहिले. एका डोंगरातल्या गावात कंदील बनवणारी मुलगी असते, बाप घर सोडून गेलेला असतो, अशी काहीतरी गोष्ट. खाली इंग्रजी वाक्यं. डिक्शनरी मांडीवर घेऊन ही बाई ती वाक्यं मराठीत करायची, चित्रावर बसवायची आणि इंटरनेटवर चढवायची. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी काही देत नव्हतं.

मधूनच ती स्वयंपाकघराच्या दारात यायची.

"ताई, दिव्याच्या वातीवर काळं धरतंय बगा, त्याला काय म्हनतेत?"

"काजळी." मी भाकरीवरून मान वर करायची नाही. "एवढंही येत नाही?"

"येत न्हाई, मनून तर इचारायलेय." हसायची आणि जिना उतरून जायची. तिच्या त्या हसण्याचा मला फार राग यायचा.

मग पत्रं यायला लागली, कॉम्प्युटरवरची. पुण्याहून, नागपूरहून, एक तर थेट अमेरिकेतून. मामंजी ती छापून घ्यायचे आणि जेवताना मोठ्यानं वाचायचे. 'तुमची मराठी वाचून आईची आठवण आली,' असं एकानं लिहिलं होतं. माझ्या मराठीनं कुणाला कधी आई आठवली नव्हती. त्या दिवशी मी भात तसाच ठेवून उठले. त्याच आठवड्यात सुभद्राबाई नातीचं भाषण घेऊन आल्या आणि माझ्या दारावरून सरळ खाली रुद्राणीकडे गेल्या. मी विचारलंच. म्हणाल्या, "तुमचं लई अवघड असतंय वो बाई. लेकराच्या तोंडात बसत न्हाई." अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या.

रुद्राणीचा एक हेका होता. कॉलेजातला बिभीषण तिच्यासारखाच या कार्टूनांचा वेडा, दुकानात पडीक. तो म्हणायचा, एवढी मेहनत करता तर डिस्क करून विकू. ती म्हणायची, "एस्टीत रुमाल टाकून जागा धरतेत ना, तसं हाय हे. मालकानं रीतसर हिकडं आनलं की आपन उठायचं, आपलं काढून टाकायचं आन त्याला पैसे देऊन बगायचं."

"फुकट मिळतंय तर कावून पैसे द्यायचे?"

"चितारनारा उपाशी ऱ्हायला तर फुडचा भाग तू काढतूस का बे?"

नुसतं बोलून थांबली नाही ती. आपल्या प्रेक्षकांची यादी केली, दोनशेच्या वर नावं. तुम्ही आणलंत तर आम्ही पैसे भरून बघू, असं प्रत्येकाकडून लिहून घेतलं. ती यादी आणि मोडक्या इंग्रजीतलं पत्र तिनं जपानच्या त्या कंपनीला पाठवलं. माझी मराठी वाक्यं फुकट घ्या, कामाला येतील, असंही लिहिलं. तीन महिन्यांनी त्यांच्या मुंबईतल्या बाईंचं उत्तर आलं. इंटरनेटवर स्वतःच दाखवायचा त्यांचा विचार होता आणि मराठीचाही विचार करणार होते. फक्त एक खात्री हवी होती, ही मराठी प्रत कुठे विकली गेलेली नसावी. 'एकही नाही,' असं रुद्राणीनं त्याच दिवशी कळवून टाकलं. मामंजींनी पेढे आणले, मन्मथस्वामींना हात जोडायला सगळं घर कपिलधारला जाऊन आलं. मी डोकं दुखतंय म्हणून मागे राहिले.

घर रिकामं होतं. रुद्राणीच्या कपाटात डिस्क होत्या. त्यातली एक मी उचलली, आमच्याच मशीनवर कव्हर छापलं आणि स्टँडजवळ डिस्कचा गाडा लावणाऱ्या तानाजीला प्रती काढून विकायला नेऊन दिली. कव्हरवर ठळक अक्षरांत होतं, 'मराठी अनुवाद : सौ. शिवांजली, एम.ए.' पैसे तूच ठेव म्हणाले. मला पैसे नकोच होते, नाव हवं होतं.

आठ-दहा दिवसांनी भर दुपारी तानाजी दुकानात आला. मामंजी गल्ल्यावर, रुद्राणी कॉम्प्युटरवर, मी वह्या लावत होते.

"वैनी, ही कसली डिस्क दिली वो? गिऱ्हाईक माझ्यावर हसायलंय." आणि त्यानं ती स्वतःच मशीनमध्ये सरकवली.

काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. 'हे विकू नका. मालकांनी आणलं की आम्ही हे पुसून टाकू, तेव्हा त्यांच्याकडूनच घ्या.'  खाली आणखी एक ओळ होती. 'काजळी हा शब्द आमच्या शिवांजलीताईंचा. त्यांची मराठी माझ्यापेक्षा लई चांगली हाय. रुद्राणी, बीड.'

म्हणजे माझं नाव आधीच होतं तिथे. पहिल्या दिवसापासून.

मामंजींनी कव्हर हातात घेऊन त्यावरचं नाव वाचलं. रुद्राणी ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं एवढंच विचारलं, "ताई, तुमी एकबी भाग बगितला न्हाई?"

मी नाही म्हणाले.

कंपनीला काय कळवायचं, हा प्रश्न होता. तानाजीनं चोरली म्हण, असं मीच सुचवलं. तेव्हाही मला लाज वाटली नाही. ती म्हणाली, "खोटं लिव्हून त्यांच्या दारात कशी जाऊ?" आणि तिनं लिहिलं की डिस्क विकल्या गेल्या, आमच्याच घरातून गेल्या, मिळतील तेवढ्या परत गोळा करतेय. मुंबईच्या बाईंनी खरं सांगितल्याबद्दल आभार मानले आणि मराठी घेता येणार नाही म्हणून कळवलं. रुद्राणी त्या दिवशी जेवली नाही. मी वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवलं.

दिवाळीत कंपनीचं दुकान इंटरनेटवर उघडलं, खाली नुसती इंग्रजी. त्याच सकाळी रुद्राणीनं आपले बाराही भाग काढून टाकले, मशीनमधलेसुद्धा पुसले आणि माझ्या दिराच्या कार्डावरून पैसे भरले. बिभीषण चिडून आठ दिवस आला नाही. नवव्या दिवशी आला, मित्राचं कार्ड घेऊन. यादीतल्या निम्म्या लोकांनी शब्द पाळला. निम्म्यांनी नाही.

तानाजीनं परत केलेल्या आणि कपाटातल्या सगळ्या डिस्क तिनं माझ्यासमोर ठेवल्या. "ताई, तुमीच मोडा."

मी मोडल्या. शेवटची उरली तेव्हा ती दुकानात नव्हती. मी ती मशीनमध्ये घातली आणि पहिला भाग पहिल्यांदा अथपासून इतिपर्यंत पाहिला. ती मुलगी बापाचा जुना कंदील पुसते आणि शेजारणीला म्हणते, "बा गेला तवापासून हेची काजळी कुनी झाडलीच न्हाई, मावशी. म्या आपली उजेड कमी हाय मनून दिव्यालाच बोल लावायले."

माझा शब्द होता. पण वाक्य तिचं होतं.

मी खूप रडले. पश्चात्तापानं रडली, असं घरचे अजून समजतात. मी त्यांना सांगितलेलं नाही की ते वाक्य मला जन्मात सुचलं नसतं, म्हणून रडले. मग डिस्क काढली आणि मोडली. आता ते वाक्य कुठेच नाही, फक्त मला पाठ आहे.