पत्रिकेतल्या दोन ओळींमधली जागा

माझ्या लग्नाच्या पत्रिका मुरबाडहून छापून आल्या आणि त्याच संध्याकाळी शेणव्याचे मोठे काका रुसले. निमंत्रकांत त्यांचं नाव राहून गेलं होतं. पुन्हा छापायला वेळ नव्हता. माझं अक्षर छापल्यासारखं, म्हणून बाबांनी काळं पेन आणलं आणि प्रत्येक पत्रिकेत दोन ओळींच्या मधे काकांचं नाव लिहायला मला बसवलं.

मला ते लग्न एवढ्यात नको होतं. शहापूरला बी.एड.ला प्रवेश मिळत होता. तसं मी सांगितलंही होतं. आईने ऐकून घेतलं, पण तोवर बोलणी झाली, हॉल ठरला, आणि घरात जो तो माझ्याशी फक्त साडीच्या रंगाबद्दल बोलायला लागला.

लिहिता लिहिता माझं नाव सारखं डोळ्यांसमोर येत होतं. नवऱ्या मुलाच्या नावापुढे आय.टी.आय. होतं. माझ्या नावापुढे काहीच नव्हतं. बाबांना विचारलं, तर म्हणाले, "जागा नाय पुरली गो."

"काकांना पुरली ना?"

ते उठून मांडववाल्याला फोन करायला बाहेर गेले.

मग मी माझ्या नावाखालच्या मोकळ्या जागेत बारीक अक्षरात बी.ए. लिहिलं. आधी एका पत्रिकेवर, मग सगळ्यांवर.

दुसऱ्या दिवशी बाबा माझ्या सासरच्यांना पत्रिका द्यायला गेले आणि परत आले ते व्हाइटनरची बाटली घेऊनच. मुलीचं शिक्षण पत्रिकेत टाकायचं नाही, हे म्हणे बैठकीतच ठरलं होतं. मुलगी मुलापेक्षा जास्त शिकलेली दिसायला नको. मला कुणी सांगितलं नव्हतं.

बाबा रागावले नाहीत. त्यांनी झाकण उघडलं आणि बाटली माझ्यापुढे ठेवली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तूच खोड. माज्यानं नाय व्हायचं."

मी खोडलं. पत्रिका पिवळ्या होत्या, त्यामुळे तो पांढरा डाग लांबूनही दिसायचा.

लग्नाला काका आले, पुढच्या खुर्चीत बसले. आहेराच्या वेळी माझ्या कॉलेजच्या मॅडम स्टेजवर आल्या आणि बी.एड.चं काय झालं म्हणून विचारलं. मी तोंड उघडायच्या आत शेजारून सासूबाई म्हणाल्या, "आता घरचंच बघायचं ना तिला."

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. फोटोग्राफर इकडे बघा म्हणत होता. मी तिकडे बघितलं.

मॅडम खाली उतरल्या, पुढचे पाहुणे वर आले. बी.एड. अजून झालेलं नाही.