सँपलवाले साहेब मुलगी पाहायला गेले

अन्नभेसळ खात्यात इन्स्पेक्टर झालो, दुधातेलाची सँपलं शिशीत भरू लागलो आणि जिल्ह्यातली हॉटेलं मला उघडी दिसेनाशी झाली. मी एसटीतून उतरलो की कोणीतरी ओरडायचं, "सँपलवाले साहेब आले रे!" पटापट फळ्या लागायच्या, दूध नालीत जायचं. या माणसालाही भूक लागते, हे कोणाच्या डोक्यातच येत नसे. तिशी उलटली तरी लग्न ठरत नव्हतं, तेही याच पायी.

शेवटी मामाने अड्याळचं एक स्थळ काढलं. मुलीकडे त्याने सांगितलं, मुलगा भंडाऱ्याला सरकारी नोकरीत आहे. मला सांगितलं, मुलीच्या वडिलांचा छोटा धंदा आहे. दोन्हीकडे अर्धं अर्धं सांगून गडी मोकळा झाला.

धंदा म्हणजे स्टँडसमोरचं चहा-भज्यांचं हॉटेल. घर त्याच्याच मागे. पाहुण्यांसाठी नवं धोतर नेसून वडील दारात उभे होते. त्यांनी मला पाहिलं, ओळखलं, दुधाचं पातेलं नालीत रिकामं केलं, फळ्या लावल्या आणि शेतातल्या धानाच्या बांध्यांकडे धूम ठोकली.

"अजी थांबा! आमी पाव्हने हाओ!" मामा ओरडत राहिला.

मागच्या दाराने आम्हाला घरात घेतलं. मुलीच्या आईने न सोललेली केळी, न फोडलेला बिस्किटपुडा आणि अख्खा नारळ पुढे ठेवला. भेसळ निघेल असं काही ठेवायचंच नाही, असा त्या माउलीचा हिशेब. मामा बराच वेळ नारळाकडे पाहत बसला. मला तर रडू यायचं बाकी होतं. हेही स्थळ गेलंच, असं मी धरून चाललो.

तेवढ्यात मुलगी चहा घेऊन आली. घरात उरलेल्या दुधाचा.

"दुधात पानी हाये," ती सरळ माझ्याकडे पाहून म्हणाली. "बाबा रोजच टाकतेत. आता पेता का शिशीत भरता?"

आईने पदर तोंडाला लावला. मी चहा प्यालो. पाणचटच होता, पण कोणीतरी न घाबरता माझ्या हातात कप दिला होता. मला फार बरं वाटलं.

"मले पसंत आहे," मी म्हणालो.

"माह्या पसंतीचं मंग पाहू. पयले बाबाले घेऊन या. तुमालेच पाहून पयाले ना थे?"

मग बांध्यांतून पुढे नवं धोतर आणि मागे मी. "केस नाही करत जी! मुलगी मागून राहिलो!" जितक्या मोठ्याने ओरडावं, तितके ते जोरात पळत. शेवटी नाल्यापलीकडे दम लागून थांबले.

"चाय पेली का?" त्यांनी तिकडून विचारलं.

"पेली जी."

"पानी लागलं?"

"लागलं."

"तरी पोरगी मांगता?"

"तरी मागतो."

 ते धोतर गुडघ्यांवर खोचून नाल्यात उतरले आणि अलीकडे आले.