मामांची तब्येत

मी जर्मनीला निघाले तेव्हा दौंड स्टेशनचा पूल चढताना माझी बॅग आप्पांनी हमालाला दिली नाही. रुळांचे सांधे बदलणारा सांधेवाला म्हणून त्यांची सारी नोकरी याच यार्डात झाली होती. मागून आई पुटपुटली, "गुडघं धरल्यात ह्यांचं, पन ऐकतील तर शप्पत!" माझ्या वडिलांचे नाव आईने कधी घेतले नाही. शेजारी असले की 'हे', नसले की 'ते'.

जर्मनीत मी भाषाशास्त्र शिकू लागले. तिथे 'तो' म्हणायला दोन शब्द आहेत, 'एर' आणि 'डेअर'. "हान्स पाउलला भेटायला गेला. तो आजारी होता." इथे 'एर' घातला तर आजारी बहुधा हान्स, कारण गोष्ट त्याची चालली आहे. 'डेअर' घातला की बोट पाउलकडे वळते. हा नियम नव्हे, कल आहे. तो तपासण्यासाठी मी लोकांना अशी वाक्ये वाचायला देई आणि विचारी, आजारी कोण?

प्रबंध देण्यास तीन आठवडे उरले असताना स्टेशनाजवळच्या बूथवरून आईचा फोन आला. "शिरूरहून मामा आलते. त्यांची तब्येत लई उतरलीय गं."

मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. नुसती वाक्ये पाहिली, तर आजारी तेच ठरत होते. पण आईच्या तोंडी असे बिननावाचे येणारे माणूस म्हणजे आप्पाच, हे मला शाळेत जाण्याआधीपासून ठाऊक होते. तरीही मी म्हणाले, "मामांना पुण्याला दाखवा."

आई म्हणाली, "व्हय, सांगते. तू तुजं लिहिणं नीट पुरं कर."

मी पुढे विचारले नाही. विचारले असते तर निघावे लागले असते. प्रबंध वेळेत दिला. घरी पोचले तेव्हा आप्पांचा दहावा होऊन गेला होता.

तुमच्यापैकी जे दूर गेले, त्यांना गावाकडच्या फोनची पहिली वाक्ये पाठ असतील. पाऊसपाणी, कुणाचे लग्न. माझी आई मात्र आजही आधी हेच सांगते, "मामा बरे हायेत हां." ती मला सांभाळून घेते की सुनावते, हे मला ठरवता आलेले नाही, आणि विचारण्याचे धैर्य अजून नाही. घर म्हणजे आता माझ्यासाठी तेवढे एक वाक्य उरले आहे. ते ऐकून मी म्हणते, "बरं झालं."