कुठून टिपला?

हा माझा धाकटा भाऊ. सख्खा, पाठचा. असा भाऊ या गावात आणखी कुणाला असेल तर त्याने पुढे यावं, मी माझं दुकान त्याच्या नावावर करून देतो. दुकान काही लहानसहान नाही. खिडक्यांच्या जाळ्या, फाटकं, जिन्याचे कठडे, सगळं मी माझ्या हाताने करतो. निम्मं गाव माझ्या जाळ्यांआड निर्धास्त झोपतं. पण ते राहू दे. गोष्ट त्याची आहे.

फौजेत तो तोफखान्यात होता, पण तोफेपाशी नव्हता. त्याचं काम डोळ्यांचं. टेकडीवर पालथं पडून राहायचं, दुर्बीण लावायची, आणि पलीकडे जरा धूर दिसला, धूळ उडाली, काच चमकली, की नकाशावर बोट ठेवायचं. "इथून." बस, एवढाच शब्द. पुढचं काम मागच्या तोफवाल्यांचं. त्याचं बोट कधी चुकलं नाही, हे मला त्याच्या साहेबाने स्वतःच्या तोंडाने सांगितलंय. मी एकदा विचारलं, "बोट ठेवल्यावर तिकडे काय व्हायचं रे?" तर म्हणाला, "दादा, ठिणग्या डोळ्यांत जातील, चष्मा लाव." त्यानंतर मी विचारलं नाही. त्याच्या पोटातलं मला कळतं, तोंडाने वदवून कशाला घ्यायचं?

सुटून घरी आला तो एक कान तिकडेच ठेवून. दिवसभर दुकानाच्या दाराशी खुर्ची टाकून रस्ता बघत बसायचा. जेवायला हाक मारली तर दुसऱ्या हाकेला उठायचा. मग माझ्या लेकीने, नोकरी लागल्यावर, काकाला कॅमेरा घेऊन दिला आणि फोनवर एका ग्रुपात घातलं. 'हौशी डोळे' असं त्या ग्रुपाचं नाव. सगळे आमच्याच गावचे. बेकरीवाला, बस चालवणारा, इस्पितळातली एक नर्स, दोन-तीन मास्तर. एकमेकांना कधी भेटलेले नाहीत, पण सकाळी उठून एकमेकांचे फोटो बघायचे. सूर्यास्त तर इतके टाकायचे की सूर्यालाच लाज वाटावी. धाकटा मात्र गंजलेली कडी, पडकी भिंत, तारेवरचा पक्षी असलं काहीतरी काढायचा. माणूस चौकटीत आला की कॅमेरा खाली.

पण त्याचं नाव झालं ते खेळामुळे. शनिवारी खेळ असायचा, 'कुठून टिपला?' एकाने स्वतः काढलेला फोटो टाकायचा, बाकीच्यांनी सांगायचं, की काढणारा कुठे उभा होता. फोटोत काय आहे ते कुणीही सांगेल, उभा कुठे होता ते सांगायचं. बस चालवणाऱ्याने एकदा नुसत्या डबक्याचा फोटो टाकला. धाकट्याने त्यात उलटं पडलेलं अक्षर वाचलं आणि सांगितलं, "बस स्थानक, मागचं फाटक, तुमची पाठ तिकीट खिडकीकडे." बेकरीवाला ग्रुप चालवायचा, त्याने लिहिलं, "फौजी, आता तुम्हाला डोळ्यांवर पट्टी बांधून खेळवायला पाहिजे." मी हे येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचो. आमची ही म्हणायची, "लोक खिडकीचं माप द्यायला येतात, तुम्ही त्यांना भावाचं माप घालता!" घालणारच. भाऊ कुणाचा आहे?

मग तो शनिवार आला. ग्रुपात एक नवा माणूस शिरला होता. नाव 'रानफूल', चेहऱ्याच्या जागी एक पिवळं फूल. बरेच दिवस नुसता बसून होता. कुणाला छान म्हटलं नाही, स्वतःचं काही दाखवलं नाही. त्या दुपारी त्याने फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'कुठून टिपला?'

फोटो काही बरा नव्हता. खिडकीतून काढलेला, हललेला. डाव्या कडेला जाळीची एक पट्टी आलेली, खाली पत्र्याची छपरं, पुढे पाण्याची टाकी, लांबवर शाळेचं फाटक आणि आत शिरणारी पोरं.

नर्सबाईंनी पहिला नंबर लावला. "आमच्या इस्पितळाच्या गच्चीवरून! डोळे मिटून सांगते."

रानफुलाने लगेच लिहिलं, "बरोबर! कुठल्या बाजूने?"

धाकटा खुर्चीत हसला. फोटो बोटांनी मोठा करून बघितला आणि मला म्हणाला, "दादा, नर्सबाई चुकल्या. पोरं शाळेत शिरतायत, म्हणजे सकाळ. टाकीची सावली आपल्याकडे पडलीय, म्हणजे ऊन समोरून. खिडकी पूर्वेची. आणि शाळेचं फाटक असं तिरकं फक्त टपाल कचेरीच्या मागनं दिसतं." मी मांडीवर थाप मारली. त्याने लिहिलं, "इस्पितळ नव्हे. टपाल कचेरीच्या मागची गल्ली. वरचा मजला, पूर्वेची खिडकी."

रानफुलाने लिहिलं, "बरोबर! घर कोणतं?"

"लिही की!" मी म्हटलं. "गल्लीत पूर्वेला तोंड करून दुमजली घरं आहेतच किती? सांगून टाक, तोंडात बोटं घालू दे त्यांना."

त्याचा अंगठा तसाच वर राहिला. तापलेला पत्रा पाण्यात बुडवल्यावर रंग जातो ना, तसा चेहऱ्याचा रंग गेला.

"दादा, नर्सबाईंनाही हा बरोबर म्हणाला."

"मग? चेष्टा केली असेल बाईंची."

"चेष्टा नाही. ज्याने फोटो काढला त्याला आपण कुठे उभे होतो हे माहीत असतं. याला माहीतच नाही. याने काढलेलाच नाही हा फोटो." "हा कोडं घालत नाहीये, दादा. पत्ता विचारतोय."

त्याने आपलं उत्तर पुसलं. पुसताच खाली नवी ओळ आली. "का पुसलंत फौजी? मी वाचलं." आणि मग ग्रुप सोडून एकट्या त्यालाच, "फक्त घर सांगा. माझं माणूस तिथं आहे. फार दिवस चुकामूक झालीय."

बाकी ग्रुपात हसणं चाललं होतं. बेकरीवाला लिहीत होता, "फौजी, पहिल्यांदाच माघार?"

धाकट्याने पोलीस ठाण्यात फोन केला. तिथला माणूस म्हणाला, "छपरांचा फोटो टाकणं हा काय गुन्हा आहे का हो? ज्याला त्रास आहे त्याला घेऊन या." फोन ठेवला. धाकटा नुसता त्या फोटोकडे बघत बसला. मी त्याच्या हातातून फोन घेतला, चष्मा चढवला. आणि कडेची ती जाळीची पट्टी बघितली.

"अरे, ही जाळी माझी आहे!"

उगाच नाही म्हटलं. सगळे कारागीर नक्षीचं वेटोळं बाहेर वळवतात. मी आत वळवतो, म्हणजे खिडकीशी उभं राहिलं की बाही अडकत नाही. गावात दुसरा कुणी एवढं डोकं लावत नाही. आणि त्या गल्लीत मी वरच्या मजल्याला जाळी एकाच घरात बसवली होती. ती म्हातारी घरमालकीण मला अजून आठवते, घासाघीस करून माझा घसा बसवला होता तिने.

धाकटा उठला. "गाडी काढ."

मालाची गाडी काढली. वाटेत तो एवढंच बोलला, "मी बोट ठेवलं, दादा."

मी म्हटलं, "तुझं बोट कधी चुकलंय का?"

"तेच तर," तो म्हणाला.

म्हातारी दारातच बसली होती. "जाळी गंजली का ते बघायला आलात होय?"

"माझी जाळी गंजत नाही," मी म्हटलं. "वर कोण राहतं?"

"शिवणकाम करते एक बाई. एकटीच. गरीब आहे हो, आवाज नाही तिचा."

जिन्यावर मशीनचा आवाज ऐकू येत होता. आम्ही दार वाजवलं आणि मशीन थांबलं. मग काहीच नाही. आत माणूस आहे, श्वास धरून उभं आहे, आणि आपल्यामुळे उभं आहे, हे मला दाराबाहेर कळत होतं. धाकट्याने आवाज अगदी खाली आणला.

"ताई, दार उघडू नका. मी एक फोटो फटीतून दाखवतो. तो तुमचा असेल तर नुसतं हो म्हणा."

त्याने फोन फटीला लावला. मग साखळी काढल्याचा आवाज आला.

पोरीचं वय माझ्या लेकीएवढं. डावं मनगट वाकडं सांधलेलं. ती फोनकडेच बघत होती. "हा मी मोठ्या बहिणीला पाठवला होता. तिला एकटीलाच. ती रडत होती, कुठे आहेस सांग म्हणून. पत्ता नाही सांगितला, गावाचं नाव नाही. म्हटलं नुसतं ऊन दाखवावं."

"बहिणीचा फोन कुणाच्या हाताला लागेल?"

ती खाली बसली. "माझ्या नवऱ्याच्या. तो मागतो. हसून मागतो. त्याला कुणी नाही म्हणत नाही." मग म्हणाली, "तो कधी ओरडत नाही, काका. शेजाऱ्यांना खरंच वाटत नाही."

"त्याला गाव कसं कळलं?" मी विचारलं.

धाकट्याने फोटोतल्या टाकीवर बोट टेकवलं. टाकीवर गावाचं नाव होतं, या एवढ्या अक्षरांत. गाव कळलं, म्हणून तो गावच्या ग्रुपात शिरला होता.

आता हिला न्यायचं कुठे? माझ्या घरी नेली असती, पण फौजीचं घर तो आधी शोधणार. धाकट्याने नर्सबाईंना फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदा.

"फौजी? अगंबाई, आवाज एवढा मऊ असेल असं वाटलं नव्हतं! मिशा तरी आहेत ना?" त्याने सगळं सांगितलं तशी बाई म्हणाली, "आणा तिला. माझ्याकडे दोन मांजरं आहेत आणि एक दणकट कुलूप आहे. आधी आम्ही दोघी ठाण्यात जाऊ. मी बघते कसं लिहून घेत नाहीत ते."

उजेड असतानाच पोरगी एक पिशवी घेऊन गाडीत बसली. मशीन जड, ते मी उद्या सकाळी आणून देतो म्हटलं. चावी तिने म्हातारीकडे दिली आणि नर्सबाईंकडे जातेय एवढं सांगितलं. धाकट्याने म्हातारीला बजावलं, "तिचा नवरा विचारत आला तर इथे कुणी राहत नव्हतं, असं सांगायचं."

"मला शिकवू नका," म्हातारी म्हणाली. "कुठल्याच नवऱ्याला मी उंबऱ्याच्या आत घेत नाही."

घरी आल्यावर बघितलं तर रानफूल ग्रुप सोडून गेलं होतं. बेकरीवाल्याने लिहिलं होतं, "आता उत्तर कोण सांगणार?" धाकट्याने काही लिहिलं नाही. आमच्या हिने जेवायला हाक मारली, तिसऱ्या हाकेलाही उठला नाही. हिने मला विचारलं, "काय झालंय भाऊजींना?" मी म्हटलं, "काही नाही. तुझ्या दिराने एका पोरीचा जीव वाचवलाय." तेव्हा त्याने माझ्याकडे असं बघितलं, की पुढचं मी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं मशीन आणायला गेलो. म्हातारी खुशीत होती.

"उशीर केलात. तिचा भाऊ आत्ताच येऊन गेला."

"कोण भाऊ?" मी म्हटलं.

"सख्खा. नवरा नाही हो, मी आधी तेच विचारलं! कित्ती गोड बोलतो. बहिणीचं सामान बघतो म्हणाला, चावी दिली. खोलीत बसला जरा, पाणी मागितलं, आणि पेला स्वतः धुऊन दिला बघा. हल्ली कोण धुतं?"

धाकटा दोन पायऱ्यांच्या वर गेला नाही. तिथूनच वळला. "आजी, ती कुठे गेली ते सांगितलंत त्याला?"

"छे! मी कशाला सांगू? एवढंच म्हटलं, काळजी करू नकोस, नर्सबाईंकडे सुखात आहे. तुम्हाला निरोप दिलाय त्याने. म्हणाला, फौजी येतील, त्यांना सांगा, गल्ली अगदी बरोबर सांगितलीत, आभारी आहे."

सुटून आल्यापासून धाकट्याला मी पळताना बघितलं नव्हतं. त्या सकाळी बघितलं. मी गाडी चालू करेपर्यंत तो कोपऱ्यापर्यंत पोचला होता. नर्सबाईंचं घर त्या माणसाला ठाऊक नव्हतं, पण इस्पितळाचं त्याने ग्रुपात वाचलं होतं; कोपऱ्यावर धाकट्याला उचलला आणि इस्पितळाच्या दारात ब्रेक दाबला. मी तिथूनच ठाण्यात फोन लावला. या वेळी नर्सबाईंच्या कृपेने तक्रार लिहिलेली होती, त्यांनी नाव विचारलं आणि गाडी निघते म्हणाले.

आत चौकशीच्या खिडकीशी एक माणूस उभा होता. इस्त्रीचा शर्ट, हातात फळांची पिशवी. खिडकीतल्या मुलीला विचारत होता, "त्या फोटो काढणाऱ्या नर्सबाई हो. घरी फळं द्यायची होती, राहतात कुठे?" आणि ती मुलगी हसून चिठ्ठीवर लिहायला लागली होती.

धाकट्याने खिडकीतून हात घालून ती चिठ्ठी घेतली. चुरगाळून खिशात टाकली. मग त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला.

"मी फौजी. काय विचारायचंय ते मला विचारा."

तो माणूस वळला. दचकला नाही. धाकट्याला वरपासून खालपर्यंत बघून हसला, असा हसला की क्षणभर मलाही वाटलं, आपलीच काही चूक झाली की काय.

"तुम्हीच का?" तो म्हणाला. "फोटोत तुम्ही कधी दिसत नाही."

"आता दिसतोय ना? बघून घ्या," धाकटा म्हणाला, आणि त्याला बाकावर बसवून स्वतः त्याच्या शेजारी बसला. हात खांद्यावरून काढला नाही. पोलीस येईपर्यंत दोघं तसेच बसून होते, आणि तो माणूस सगळा वेळ हसत होता.