घरात फक्त इंग्रजी

जानेवारी उजाडला आणि माझा जीव टांगणीला लागला. मुलगी इथल्या डच शाळेच्या आठव्या गटात होती, म्हणजे आपल्याकडची सहावी म्हणा. वय वर्षं अकरा. या वयात इथे वर्गशिक्षिका पालकांना बोलावते आणि पोराने पुढे कुठल्या शाळेत जायचं ते सांगते. वरची वाट विद्यापीठाकडे जाते, खालची हाताचं काम शिकण्याकडे, आणि एक असते मधली. याला सल्ला म्हणतात. सल्ला कसला डोंबलाचा, निकालच तो! अकराव्या वर्षी मी चिंचा पाडत हिंडत होते, माझं काय ठरवलं असतं कुणी?

युट्रेख्टमधल्या मराठी पालकांच्या ग्रुपवर एकीने पेढ्यांचा फोटो टाकला. मुलाला वरचा सल्ला मिळाला होता. मी ‘अभिनंदन’ लिहिलं आणि फोन पालथा ठेवला.

आमची पोरगी गणितात तरबेज. अडायचं ते डच वाचनात. धडा घडाघडा वाचायची, पण शेवटी त्यातली म्हातारी का रडली असं विचारलं, की गप्प. दोन वर्षं हेच चाललं होतं. मी पुस्तकं आणली, शिकवणी लावली, झुइडासच्या ऑफिसला जाताना ट्रेनमध्ये बसून तिचे सरावाचे पेपर तपासले. माझं काही चुकत असेल असं मला कधी वाटलं नाही. मीच तर सगळं करत होते!

मी कऱ्हाडजवळच्या मराठी शाळेत शिकले. दहावीला तालुक्यात पहिली आले, हारतुरे झाले. मग पुण्याला इंजिनिअरिंगला गेले. पहिल्याच दिवशी सरांनी उभं केलं आणि इंग्रजीत ओळख करून द्यायला सांगितलं. ‘माय नेम इज’ म्हणून नाव सांगितलं, आणि पुढे गाडी हलेचना. मागच्या बाकांवर खसखस पिकली. ते हसणं मला अजून ऐकू येतं. पोटच्या पोरावर ही वेळ येऊ द्यायची नाही, हे मी तेव्हाच ठरवलं होतं.

म्हणून पोरगी बोलायला लागली तसा मी कायदा काढला: घरात फक्त इंग्रजी. मराठी रविवारी आजीच्या फोनवर, तीही फक्त मोठ्या माणसांनी बोलायची. बाळाला तपासणीला न्यायचो तिथल्या नर्सने स्वच्छ सांगितलं होतं, की तुमच्या भाषेत बोला तिच्याशी, डच आम्ही बघतो. मी मान डोलावली आणि बाहेर येऊन नवऱ्याला म्हटलं, “यांना काय जातंय सांगायला? आपली पोरं मागे राहिली तर यांना बरंच.”

तो म्हणाला, “अगं, पण मला इंग्रजीत गोष्ट सांगता येत नाही.”

“शीक मग,” मी म्हटलं.

तो शिकला नाही. गोष्टी सांगायचाच थांबला.

आमच्या शेजारी एक थायलंडची बाई राहते. स्लोटरडाइकच्या एका ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये काम करते. तिची मुलगी आमच्या पोरीच्याच वर्गात. सकाळी त्या मायलेकी सायकलवरून शाळेला निघायच्या तेव्हा आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी त्यांची थाई बडबड चालायची. मला कीव यायची. एकदा न राहवून मी तिला शहाणपणा शिकवायला गेले. म्हटलं, थाई इथे कुठे उपयोगाला येणार, मुलीशी इंग्रजीत बोल. ती हसली. तिच्या मोडक्या इंग्रजीत म्हणाली, “माझं इंग्रजी एवढंसं. त्यात बोलले, तर तिला आईसुद्धा एवढीशीच मिळेल.” बोटांच्या चिमटीत तिने केवढीशी तेही दाखवलं.

बिचारी, असं म्हणून मी घरात आले.

सल्ल्याच्या दिवशी नवऱ्याला सुटी मिळाली नाही. चार वाजता मी आणि लेक शाळेत गेलो. इथे मुलांनाही सोबत बसवतात. ठेंगण्या खुर्चीत गुडघे पोटाशी घेऊन मी बसले. शिक्षिका माझ्यासाठी सावकाश डच बोलत होती. गणित उत्तम, वागणं उत्तम. सल्ला सध्या मधला. फेब्रुवारीत परीक्षा आहे, ती चांगली गेली तर वरचा होऊ शकतो. पण गाडी वाचनापाशी अडते. तिला शब्द येतात, म्हणाली, पण माणसांच्या मनातलं बोलायची सवय दिसत नाही.

मग तिने विचारलं, “घरी कुठल्या भाषेत बोलता?”

“इंग्रजी,” मी ताठ बसून सांगितलं. “पहिल्यापासून.”

“आणि तुमची भाषा?”

मी काही म्हणायच्या आत लेकच बोलली. डचमध्ये, अगदी सहज, घरचा पत्ता सांगावा तशी. “ममा फक्त रागावते तेव्हा मराठी बोलते.”

शिक्षिकेने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, आणि तेच जास्त लागलं. मला म्हणायचं होतं, खोटं आहे हे. पण आठवून पाहिलं तर दूध सांडलं तेव्हा मराठी, सायकलचं कुलूप हरवलं तेव्हा मराठी, पेपरात कमी गुण आले तेव्हा तर तासभर मराठी. इंग्रजीत मला धड चिडता येत नव्हतं. आणि लाड? ते इंग्रजीत जेवढे जमले तेवढे. म्हणजे एवढेसे.

बाहेर आलो तर अंधारून आलं होतं, बारीक पाऊस होता. ती सायकलचं कुलूप काढत होती. टोपी डोळ्यांवर आलेली, नाक लाल. मधला सल्ला मिळाल्याचं तिला वाईट वाटतंय की नाही, मला ओळखता येईना. विचारावं कसं तेही कळेना. मी जवळ गेले, टोपी सारखी केली, आणि माझी आई माझ्याशी बोलायची तशी हळूच म्हटलं, “दमलीस का गं, माझी बाय? चल, घरी जाऊन गरम गरम वरणभात खाऊ.”

तिचे हात कुलपावरच थांबले. खांदे वर आले, मी रागावले की येतात तसे.

“सॉरी, ममा,” ती खाली बघत म्हणाली. “मी फेब्रुवारीत नक्की चांगलं करीन.”