ईनॉक टॅपसेलला ड्यूक भेटला नव्हता

ईनॉक टॅपसेलने आयुष्यात एकदाच मोठी थाप मारली, आणि पुढे एकोणचाळीस वर्षं तिच्यावरच त्याचं पोट चाललं.

वॉटर्लूच्या लढाईत तो होता खरा, पण पाव वाहणाऱ्या गाड्यांवर. तोफा सुरू झाल्या तेव्हा त्याची गाडी दोन कोस मागे चिखलात रुतली होती. खेचराने लाथ मारून त्याचा गुडघा फोडला तोही तिथेच. लंगडत तो केंटमधल्या आपल्या गावी परतला. लंगड्याला काम कोण देणार? चार वर्षं अशीच हालात गेली. मग एक दिवस सराईची मालकीण हॅरिएट गॉस्बेलने विचारलं, "तुमच्या सेनापतीला, ड्यूक ऑफ वेलिंग्टनला पाहिलंस का रे कधी?"

पोटात आग होती. तो म्हणाला, "पाहिलं म्हणजे? माझ्यापाशी घोडा थांबवून म्हणाले, 'जागा सोडू नकोस, टॅपसेल.'"

हॅरिएटने सराईची पाटी उतरवून तिच्यावर ड्यूकचं बाकदार नाक रंगवून घेतलं. ईनॉकला आणि त्याच्या बायकोला माडीवरची खोली मिळाली, जेवण आणि बीअरही. काम एकच. दुपारी डोव्हरची गाडी घोडे बदलायला थांबली की उतारूंना ती हकिगत सांगायची.

ड्यूक पंतप्रधान झाला. लोकांनी त्याच्या घराच्या काचा फोडल्या, पुढे त्यालाच पुन्हा डोक्यावर घेतलं. ईनॉकची हकिगत मात्र जागची हलली नाही. एखादा शब्द चुकला तर गावकरीच टोकायचे. बायको केझाया मरायला टेकली तेव्हा म्हणाली, "एवढ्या मोठ्या माणसाने तुम्हाला नावाने हाक मारली. भाग्यच माझं." खरं सांगायला त्याने तोंड उघडलं, आणि नुसतंच तिच्या ओठांना पाणी लावलं.

१८५२ साली ड्यूक गेला. गावाने वर्गणी काढून ईनॉकला अंत्ययात्रेसाठी लंडनला धाडलं. बारा घोड्यांचा तो अवजड रथ त्याच्या डोळ्यांदेखत चिखलात रुतला. पोलीस दोर लावून ओढू लागले. शेजारी एक थोटा म्हातारा शिपाई उभा होता. त्याने विचारलं, "तूही होतास वॉटर्लूला?"

"पावाच्या गाडीवर. ड्यूकला आज पहिल्यांदाच पाहतोय, तेही पेटीत."

थोटा नुसता हसला. ईनॉकला कितीतरी वर्षांनी मोकळा श्वास आला.

गावी येताच भर दुपारी, सगळ्यांसमोर त्याने खरं सांगून टाकलं. लोहार म्हणाला, "दुःखाने डोकं फिरलंय बिचाऱ्याचं." बाकीच्यांनी माना डोलावल्या.

हॅरिएट त्याला स्वयंपाकघरात घेऊन गेली. "मला काय ठाऊक नव्हतं? माझा भाऊ त्याच गाड्यांवर होता. पहिल्याच वर्षी सांगितलं त्याने."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत, मालकीणबाई?"

"बोलून काय करू? मी पाटी पुसायची आणि तू या पायाने कुठे जायचंस? बस, सूप घे."

त्याने सूप घेतलं. जायला दुसरं घर नव्हतं.

तिसऱ्या दिवशी गाडीतून एक बाई उतरली. ड्यूकच्या शोकात तिने काळे हातमोजे घातले होते. "तुम्हाला खरंच नावाने हाक मारली त्यांनी?"

हॅरिएट दारात उभी होती. लोहारही होता.

"हो बाई," ईनॉक म्हणाला. "नावाने."

त्यानंतर तो सहा वर्षं जगला. रविवारी गाडी नसे. त्या दिवशी तो कोणाशीच बोलत नसे.