वसमतहून इजिप्त

बी.ए.ला असताना एका पुस्तकात मी ते चित्र पहिल्यांदा पाहिलं. इजिप्तमधल्या एका जुन्या कबरीच्या भिंतीवरचं. शेतात कापणी चालू आहे आणि कडेला दोन पोरी जमिनीवर बसल्यात. एकीनं पाय पुढं केलाय, दुसरी वाकून तिच्या पायातला काटा काढतेय. हजारो वर्षांपूर्वी कुण्या चितारणाऱ्याला हे भिंतीवर काढावंसं वाटलं, याचंच मला नवल वाटत राहिलं.

माय तेव्हा वसमतला हळदीच्या कामाला जायची. संध्याकाळी ती घरी आल्यावर मी फोनवर तिला चित्र दाखवलं.

"ही कुठली पोरगी?"

"इजिप्तची."

"तिथं बी काटे असत्यात व्हय?" म्हणत तिनं बोटानं चित्र मोठं करून पाहिलं.

हेच शिकायचं, असं मी ठरवलं. एम.ए.ला पुरातत्त्व घेतलं. इजिप्तची चित्रलिपी शिकवणारं आसपास कुणी नव्हतं, म्हणून फोनवरचे व्हिडिओ पाहून शिकले. शाळेतल्या पोरांसारखी पाटी घेतली आणि घुबड, पाणी, भाकरी अशी चिन्हं गिरवत बसले. मामाला ते बघवेना.

"बी.एड. कर. इजिप्त काहून? तिथं तुझं कोण हाय?"

"बी.एड.मध्ये तरी माझं कोण हाय?" मी म्हणाले. त्यानंतर बरेच दिवस तो घरी आला नाही.

हैदराबादच्या वस्तुसंग्रहालयात एक ममी आहे. एम.ए. संपल्यावर ती बघायला निघाले, तर माय म्हणाली, "मी बी येते." काचेपलीकडचा तो लहानखुरा देह तिनं वाकून पाहिला.

"कुणाची तरी लेक हाय ही," मग ती म्हणाली. "इतक्या दूर कोणं आणली हिला?"

"निजामाच्या काळात विकत आणली."

माय माझ्याकडं वळली. तिचा आजा निजामाच्या राज्यात वेठीला राबलेला. "निजामाला इजिप्त चालतं," ती म्हणाली, "मंग तुला काहून चालत न्हाई?"

पीएच.डी.च्या मुलाखतीला गेले तेव्हा हे वाक्य माझ्याजवळ होतं. समोर तीन-चार सर. माझा विषय होता इजिप्तच्या कबरींतली कष्टकऱ्यांची चित्रं. मधोमध बसलेले सर हसून म्हणाले, "विषय चांगला आहे. पण तुम्ही तुमच्या समाजावर का काम करत नाही? चालीरीती, गाणी. तुम्ही ते आतून लिहाल." त्यांच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता. तेच मला जास्त लागलं.

"सर," मी म्हणाले, "माझ्या आधी आत आलेला उमेदवार रोमन नाण्यांवर काम करणार आहे. तो रोमचा नाही, लातूरचा आहे. त्याला विचारलंत का हे?"

माझी निवड झाली नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा गेले. विषयातला एक शब्दही बदलला नव्हता. या खेपेला एक वयस्क मॅडम समोर होत्या. त्यांनी कबरीवरच्या लेखाचा एक फोटो पुढं सरकवला आणि म्हणाल्या, "वाचा." मी अडखळत वाचलं. एका जागी चुकले, त्यांनी दुरुस्त केलं आणि मला घेतलं. प्रबंध पूर्ण झाला. आता मी इथंच जिल्ह्यातल्या एका कॉलेजात इतिहास शिकवते.

मागच्या चौदा एप्रिलला, जयंतीला, शिरड शहापूरला बोलायचं आमंत्रण आलं. मंडळाच्या अध्यक्षांनी आधीच सांगून ठेवलं, "म्याडम, जयंतीला धरून बोला. ते इजिप्त नको."

"धरूनच बोलते," मी म्हणाले आणि इजिप्तवरच बोलले. राजांच्या कबरी खोदणाऱ्या, रंगवणाऱ्या कारागिरांचं एक गाव होतं. मजुरीचं धान्य येईना, तेव्हा ती माणसं हत्यारं खाली ठेवून देवळापाशी जाऊन बसली. भूक लागलीय, असं त्यांनी साहेबांना तोंडावर सांगितलं. ते लिहिलेलं अजून शिल्लक आहे. मांडवात पोरं रडायची थांबली नव्हती, पण बायका पुढं सरकून ऐकत होत्या.

"मंग मिळालं का धान्य?" पुढच्या रांगेतल्या एका बाईनं बसल्या जागेवरूनच विचारलं.

"मिळालं. पण पुन्हा पुन्हा बसावं लागलं."

"तसंच असतंय," ती म्हणाली. अध्यक्षांनी आभार मानताना विषयाचं नाव घेतलं नाही.

इजिप्त मी अजून पाहिलेलं नाही. लोक ते मुद्दाम विचारतात आणि मी मान खाली घालत नाही. आपल्या लेण्यांवर मोठाले ग्रंथ समुद्रापलीकडून आलेल्या साहेबांनी लिहिले. त्यांनी गावात कुणाची परवानगी मागितली नव्हती. मीही मागणार नाही. यंदा पासपोर्ट काढलाय. मायचाही काढलाय.